भाऊजी म्हणतात, एफडी मोडूया!

पत्र थोडक्यात असं. लिहिणाऱ्या ताई बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका पतसंस्थेत अकरा वर्षं सेक्रेटरी आहेत. ठेवी १८ कोटी. ऑडिटरनी सांगितल्याप्रमाणे त्यातले २५ टक्के, म्हणजे साडेचार कोटी, तरलता म्हणून (मागितला की हातात येणारा पैसा) एकाच बँकेत एफडी करून ठेवलेत, व्याज ७ टक्के. कर्जवाटप १३ कोटी, १४ टक्क्यांनी. ठेवीदारांना सरासरी ८ टक्के द्यावे लागतात. चालू खात्यात बाराही महिने ४० लाखांच्या आसपास असतात. मागच्या मार्चला थकबाकी ७५ लाख होती ती या मार्चला १ कोटी ८२ लाख झाली, आणि नफा ३४ लाखांवरून १५ लाखांवर आला. आता सप्टेंबरच्या वार्षिक सभेत सभासद डिव्हिडंड मागणार. चेअरमन म्हणजे ताईंचे चुलत दीर, त्यांनीच ताईंना नोकरीला लावलंय. त्यांचं म्हणणं, "साडेचार कोटी बँकेत झोपवून ठेवलेत म्हणून आपण मागं पडलो, दोन कोटी ठेवूया, अडीच कोटी मोडून वाटूया, ऊस तोडणी मशीन घेणारे तिघं तयार आहेत." ताई विचारतात, "नियम पाळला की नफा जातो आणि नफा दाखवायचा तर नियम मोडतो, मग मी काय करू? आणि घरात भाऊजींना तोंडावर नाही कसं म्हणू?"

ताई, पत्र दोनदा वाचलं. तुम्ही आकडे इतके व्यवस्थित लिहिलेत की माझं अर्धं काम तिथंच झालं, असं पत्र सेक्रेटरीकडून येतं तेव्हा मला बरं वाटतं कारण मी पण बरीच वर्षं याच भागातल्या सोसायट्यांची ऑडिटं केलीत आणि निम्म्या ठिकाणी थकबाकी विचारली की आधी चहा यायचा, मग भजी यायची, आकडा काय येत नव्हता.

पण तुमच्या प्रश्नातच एक गोष्ट धरून चाललाय तुम्ही, ती मला आधी सोडवून बघायचीय. तुम्ही म्हणता नियमामुळं नफा गेला. बरं, मग मागच्या वर्षी किती ठेवलेला तरलतेचा टक्का? तेव्हा पण २५ च ना? त्याच्या आदल्या वर्षी? तेव्हा पण २५. जी गोष्ट दोन्ही वर्षी सारखीच होती तिनं यंदाच नफा कसा खाल्ला ओ? जे बदललंय ते शोधायला पाहिजे, आणि ते तुमच्याच पत्रात आहे, फक्त तुम्ही त्याच्यावरनं पटकन पुढं गेलात.

थकबाकी ७५ लाखांची १ कोटी ८२ लाख झाली. म्हणजे १ कोटी ७ लाखांनी वाढली. त्याच्यावरचं १४ टक्के व्याज आलं नाही, ते होतात जवळजवळ १५ लाख. वर त्या बुडीत-संशयित खात्यांसाठी तरतूद करायला लागली असणार, तुमच्या आकाराच्या संस्थेत चार-पाच लाख तरी. झाले की १९-२० लाख. नफा किती घटला? ३४ मधून १५ गेले, १९ लाख. हिशोब ढोबळ आहे, दोन लाख इकडं तिकडं होतील, पण चोर कुठल्या घरात शिरलाय ते कळायला एवढं पुरेसं आहे. आणि भाऊजी दुसऱ्याच घराचं दार वाजवतायत.

आता त्यांच्या बाजूनं पण बोलूया, कारण ते अगदीच चुकीचं बोलत नाहीत. अडीच कोटी एफडीतनं काढून कर्जात घातले तर ७ च्या जागी १४ टक्के मिळणार, फरक ७ टक्के, म्हणजे साडेसतरा लाख. सभेत हा आकडा फळ्यावर लिहिला की टाळ्या पडतील. पण तुमच्याच संस्थेत आज कर्जाच्या शंभरातले चौदा रुपये थकलेले आहेत. नव्या अडीच कोटींचं पण तसंच झालं तर ३५ लाख थकले, त्यांचं ५ लाख व्याज गेलं, उरले साडेबारा. त्या ३५ लाखांतली एक तृतीयांश मुद्दल जरी बुडली तरी १२ लाख गेले. मग शिल्लक काय राहिली, पेढे वाटण्यापुरती? आणि हे नवीन कर्जदार सरासरीसारखेच निघतील असं धरून झालं. घाईघाईत, सभेच्या आधी, तिघांनाच अडीच कोटी द्यायचे म्हटल्यावर ते सरासरीपेक्षा वाईट निघायचीच शक्यता जास्त. तिघांतला एक अडकला की ऐंशी लाखांवर पाणी. मशीन चांगलं असतंय ओ, मशीनबद्दल माझी काही तक्रार नाही, पण ते वर्षातले चार-पाच महिने चालणार, हप्ता कारखान्याच्या बिलावर अवलंबून, आणि तुमचे ऊसवाले सभासद पण त्याच बिलावर अवलंबून. कायद्यानं, म्हणजे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानं, ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायला पाहिजे. आपल्या जिल्ह्यात ऊस घालणाऱ्या कुणालाही विचारा १४ दिवस म्हणजे किती दिवस ते.

इथंच तरलतेचा खरा मुद्दा येतो. बिल लांबलं की तुमच्या संस्थेला दोन्हीकडनं चिमटा बसतो, कर्जाचे हप्ते येत नाहीत आणि त्याच महिन्यात ठेवी काढायला माणसं येतात कारण त्यांच्याकडे पण बिल आलेलं नसतं. शहरातल्या मोठ्या बँकेला असं होत नाही, तिच्याकडे पगारदार, व्यापारी, सरकारी खाती सगळं मिसळून असतं. तुमच्याकडे सगळ्यांचा पाऊस एकच, कारखाना एकच, लग्नसराई एकच.

एक आठवण सांगतो, संस्थेचं नाव गाव नको. बाजारादिवशी सकाळी मी ऑडिटला म्हणून पोचलो तर शटर अर्धं खाली आणि पायरीवर पन्नास-साठ माणसं. आदल्या रात्री कुणीतरी बोललं होतं की चेअरमनच्या पोराच्या धंद्यात संस्थेचा पैसा गुंतलाय. खरंखोटं कुणालाच माहीत नाही. आत मॅनेजर जुन्या कॅलेंडरची पानं फाडून मागच्या कोऱ्या बाजूला नंबर लिहून टोकन करत होता, माणशी पाच हजार द्यायचं ठरलेलं. एक म्हातारी होती, इरकल नेसलेली, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत एफडीची पावती, ८० हजारांची, नातीच्या लग्नाला म्हणून. लग्न नऊ दिवसांवर. तिनं ते पाच हजार घेतलेच नाहीत, काउंटरवर पावती ठेवून तशीच उभी राहिली, म्हणाली मी पाच हजार ठेवले नव्हते. मॅनेजर खाली बघून शिक्का मारत बसलेला, कशावर मारत होता कुणास ठाऊक.

मी नंतर त्या संस्थेचं कर्जखातं बघितलं. कर्जं वाईट नव्हती ओ! घरबांधणी, गाळे, दोन-तीन चांगले व्यापारी. फक्त ती कर्जं पाच-सात वर्षांची होती आणि म्हातारीच्या नातीचं लग्न नऊ दिवसांवर. तरलतेची एफडी कागदावर होती, पण तिच्या तारणावर बँकेकडून ओव्हरड्राफ्ट, म्हणजे उचल, काढून तो पैसा पण कर्जात वाटलेला. संस्था त्या सकाळी बुडालेली नव्हती, तिच्या हातात फक्त रोकड नव्हती. पुढच्या चार महिन्यांत मात्र ती बुडाली, कारण पायरीवरची गर्दी बघून चांगल्या कर्जदारांनी पण हप्ते थांबवले, म्हणाले बघूया काय होतंय ते.

आता मला सांगा, त्या संस्थेनं आधीची पाच वर्षं वाचवलेल्या एक-दोन टक्क्यांचा नफा त्या दिवशी कुठल्या खात्यात जमा धरायचा? तरलता ठेवायचा खर्च दरवर्षी नफा-तोटा पत्रकात दिसतो. ती न ठेवण्याचा खर्च तिथं कधीच दिसत नाही, तो दिसतो तेव्हा पत्रक बनवायला कुणी उरलेलं नसतं. म्हणून भाऊजींसारखी चांगली माणसं पण फसतात यात, ती लबाड असतात असं नाही.

बरं तो खर्च तरी खरा किती? भाऊजी १४ मधून ७ वजा करून मोजतात, म्हणजे साडेचार कोटींवर साडेएकतीस लाख, केवढं नुकसान! पण तो पैसा कर्जात घालायचाच नाही असं एकदा ठरलं तर मोजायचं असं, ठेवीदाराला देता ८, बँक देते ७, फरक १ टक्का. साडेचार कोटींवर साडेचार लाख. एवढ्या पैशात १८ कोटींच्या ठेवीदारांना रोज सकाळी शटर पूर्ण वर दिसतं. तुमच्या भागात पाऊस किती पडतो ते मी सांगायला नको, मे महिन्यात प्रत्येक घर जळण भरून ठेवतं, पडवी अर्धी लाकडांनी आणि शेण्यांनी भरते. त्या जागेत एक म्हैस बांधली असती तर दूध आलं असतं, असं म्हणणारा अजून मला भेटला नाही.

आणखी एक गोष्ट, जी सभासदांना तर सोडाच पण डायरेक्टरांना पण माहीत नसते. बँकेत ठेव असली तर ५ लाखांपर्यंत विमा असतो, ४ फेब्रुवारी २०२० पासून, आधी १ लाखच होता. तुमच्या सोसायटीत ठेव ठेवणाऱ्याला हा विमा नाही. कर्नाटकातल्या सौहार्द कायद्याखालची असो, कर्नाटक सहकार कायद्याखालची असो नाहीतर एकापेक्षा जास्त राज्यांत चालणारी मल्टिस्टेट, बँक नाही म्हणजे ठेव विमा महामंडळ नाही, आणि अडचणीत हात द्यायला रिझर्व्ह बँक पण नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनंच लोकांना हे जाहीरपणे सांगितलं, की सहकारी सोसायट्यांनी नावात बँक लावू नये आणि तिथल्या ठेवींना विमा नाही. मग तुमच्या सभासदाला विमा कुठला? हीच साडेचार कोटींची एफडी, आणि थोडाफार रिझर्व्ह फंड. भाऊजी जे मोडू म्हणतात ते हेच.

(मधेच एक गंमत. कन्नड परिपत्रकात तरलतेला द्रव्यते म्हणतात. एका सभेत एक डायरेक्टर ते ऐकून म्हणाले, द्रव्य म्हणजे पैसाच की, पैसा तर आहेच आपल्याकडे, पुढचा विषय घ्या. मी हसलो, पण नंतर वाटलं सगळा घोळ एवढाच आहे, पैसा असणं आणि पैसा वेळेला हातात असणं या दोन गोष्टी त्यांना एकच वाटत होत्या.)

आता कामाचं बोलूया. तुम्ही साडेचार कोटी ठेवलेत ते बरोबर, पण ठेवलेत कसे, त्यात सुधारायला बरंच आहे आणि तिथं खरोखर पैसे पण वाचतात.

पहिलं ते चालू खात्यातले ४० लाख. हे काय आहे? चालू खात्यावर व्याज शून्य. तुमच्या ठेवींच्या सव्वादोन टक्के रक्कम नुसती पडून, आणि भाऊजी झोपलेला पैसा म्हणून एफडीकडे बोट दाखवतात, खरा झोपलेला हा आहे! जगभरातल्या पतसंस्थांच्या संघटनेनं पर्ल्स म्हणून मोजमापं ठरवलीत, त्यात तरलता किमान १५ टक्के ठेवा म्हणतात पण त्याच दमात हे पण सांगतात की अजिबात न कमावणारी रोकड एकूण मालमत्तेच्या १ टक्क्याच्या आत ठेवा. दोन्ही एकाच तक्त्यात आहेत, म्हणजे तरलता ठेवणं आणि पैसा पाडून ठेवणं वेगळं. गेल्या वर्षाचं कॅश बुक काढा, रोज काउंटरवरनं किती गेले ते बघा, सगळ्यात जड दिवस कुठला होता बघा. पंधरा लाखांवर कधी गेला नसेल तर चालू खात्यात तेवढे ठेवून बाकीचे ऑटो स्वीपमध्ये (जादा शिल्लक आपोआप एफडीत जाते ती सोय) नाहीतर ४५-९० दिवसांच्या एफडीत टाका. २५ लाखांवर ६ टक्के धरले तरी दीड लाख आले, रोजची ठेव गोळा करणाऱ्या एका पिग्मी एजंटचं वर्षाचं कमिशन सुटलं.

केनियात आपल्यासारख्या पतसंस्थांना साको म्हणतात, तिथं २०१० च्या नियमांनी १५ टक्के तरलता सक्तीची केली आणि तिथली पोरं अजून त्याच्यावर थिसिस लिहितात, नियमानं नफा घटला की वाढला. भाऊजींना सांगा, हा वाद आपल्या गावातलाच नाही म्हणून.

दुसरं, सगळे साडेचार कोटी एकाच बँकेत का? ओळखीची बँक, पाव टक्का जास्त देते, दिवाळीला डायरी-कॅलेंडर पाठवते, मला माहितीय. पण त्या बँकेत तुमच्या संस्थेला पण विमा ५ लाखांचाच आहे, साडेचार कोटींना ५ लाख. पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचं आठवतं का? सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तिथं कितीतरी पतसंस्था आणि हाउसिंग सोसायट्यांचे पैसे होते. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्समध्ये विलीन झाली तेव्हा साध्या ठेवीदारांना हप्त्याहप्त्यानं का होईना पैसे मिळायची सोय होती, पण संस्थांच्या ५ लाखांवरच्या ठेवीचे ८० टक्के कशात बदलले माहितीय? १ टक्का लाभांशाच्या कायमस्वरूपी प्रेफरन्स शेअरमध्ये. म्हणजे तरलता म्हणून ठेवलेला पैसा तुमच्या-माझ्या हयातीत तरल होईल की नाही सांगता येत नाही असा झाला. म्हणून तीन-चार ठिकाणी विभागा, त्यात एखादी सरकारी बँक असू दे, पाव टक्का कमी मिळाला तर मिळू दे. कुठल्या बँकांत ठेवायला परवानगी आहे ते मात्र तुमच्या कायद्यात आणि बायलॉजमध्ये आधी बघा, बेळगावात एकाच रस्त्यावर तीन वेगवेगळ्या कायद्यांचे बोर्ड दिसतात, १९५९ चा कर्नाटक कायदा, १९९७ चा सौहार्द कायदा आणि २००२ चा मल्टिस्टेट, शेजारच्या सोसायटीला चालतं ते तुम्हाला चालेलच असं नाही.

तिसरं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि फुकट आहे. एक मोठा कागद घ्या, बारा महिन्यांचे बारा रकाने पाडा. वरच्या ओळीत त्या महिन्यात ठेवीदारांच्या किती एफडी मॅच्युअर होतात ते लिहा, खालच्या ओळीत तुमच्या बँकेतल्या एफडी कधी मॅच्युअर होतात ते. मी पैज लावतो तुमची सगळी एफडी मार्चएंडला केलेली असणार, कारण ऑडिटच्या आधी टक्का जुळवायची घाई, आणि सगळी परत मार्चलाच सुटणार. पैसा लागतो कधी? एप्रिल-मेमध्ये लग्नं, जूनमध्ये पेरणी आणि शाळा-कॉलेजच्या फिया, मग गणपती. आणि येतो कधी? ऊस बिलं सुटली की जानेवारी ते मार्च. तर साडेचार कोटींचे नऊ-दहा तुकडे करा आणि त्यांच्या तारखा अशा लावा की मे, जून आणि गणपतीच्या आधी एकेक तुकडा आपोआप हातात येईल, नाही लागला तर पुन्हा ठेवा. मुदतीआधी मोडायचा दंड वाचतो, आणि ज्या तुकड्याची लवकर गरज नाही तो जास्त मुदतीला जास्त व्याजानं ठेवता येतो. नियम तोच, टक्का तोच, उत्पन्न थोडं जास्त. यालाच मोठ्या बँका भारी नाव देतात, आपण तक्ता म्हणूया.

पिग्मीचा रकाना वेगळा करा. १९२८ मध्ये उडुपीकडं सिंडिकेट बँकेनं ही पिग्मी सुरू केली ती आपल्याकडं इतकी मुरलीय की मराठीत पण तिला पिग्मीच म्हणतात. पिग्मीचा पैसा छोटा असतो पण पहिला पळतो, कारण एजंट रोज दारोदार फिरतो आणि अफवा त्याच्याच स्कूटरवर बसून येते. आठवड्यातनं एकदा एजंटांबरोबर दहा मिनिटं बसत जा, लोक काय विचारतात ते ऐका, कुठल्याही रेशोपेक्षा ते लवकर कळतं.

टॅक्सचं पण बघायला पाहिजे. एफडीचं ७ टक्के व्याज पूर्ण हातात राहतं असं धरून चाललाय तुम्ही. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ८०पी कलमाची सहकारी संस्थांना असलेली सवलत या व्याजाला लागते की नाही यावर वर्षानुवर्षं भांडण आहे आणि ते आपल्याच राज्यातनं सुरू झालं, सिरसीच्या टोटगार्स सोसायटीच्या केसमध्ये २०१० ला सुप्रीम कोर्टानं असल्या शिल्लक पैशावरचं व्याज इतर उत्पन्न धरलं. नंतर तुमकूरच्या एका सौहार्दच्या केसमध्ये कर्नाटक हायकोर्ट पतसंस्थेच्या बाजूनं गेलं, मग टोटगार्सच्याच दुसऱ्या केसमध्ये परत उलटं. सवलत नाकारली गेली आणि ३० टक्क्यांनी कर बसला तर ७ चे हातात पाचच राहतात. म्हणून एफडी कुठं ठेवायची ते ठरवताना सीएला आधी विचारा, नंतर नोटीस घेऊन जाऊ नका.

हे सगळं करून दोन-तीन लाख सुटतील. नफा परत तीसवर न्यायचा तर दोनच वाटा आहेत आणि दोन्हीत तरलतेला हात लावायला लागत नाही. एक, वसुली. १ कोटी ८२ लाखांच्या थकबाकीत मोठी खाती वीस-पंचवीसच असतील बघा, आणि त्यातली निम्मी डायरेक्टरांच्या ओळखीची. हे मी अंदाजानं लिहितोय, चूक असेल तर आनंद आहे. प्रत्येक डायरेक्टरच्या नावासमोर त्यानं शिफारस केलेली थकीत खाती लिहून मीटिंगमध्ये ठेवा, काही बोलू नका, नुसता कागद ठेवा.

दुसरी वाट ठेवीचा दर. शेजारची सोसायटी साडेआठ लावते म्हणून तुम्ही आठ लावता, ती नऊ लावेल तेव्हा? १८ कोटींवर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला नऊ लाख, पूर्ण परिणाम दिसायला जुन्या ठेवी रिन्यू होईपर्यंत वर्ष-दीड वर्ष जाईल. तुम्ही म्हणाल ठेवी पळतील. थोड्या पळतील, जी माणसं अर्ध्या टक्क्यासाठी येतात ती अर्ध्या टक्क्यासाठीच जातात, आणि नेमक्या त्याच ठेवी गर्दीच्या दिवशी पहिल्या रांगेत असतात. बाकीच्यांना नोटीस बोर्डावर दर महिन्याला एक ओळ लिहून दाखवा, आपले इतके कोटी इतक्या बँकांत मोकळे आहेत. खात्रीवर माणूस अर्धा टक्का सोडतो, मी स्वतः सोडलाय.

आणि कधी ठेवी वाढून तरलता २५ च्या वर, समजा ३० टक्के झाली तर? मग वरचे पाच टक्के खुशाल कर्जाला द्या, तिथं भाऊजी बरोबर आहेत. उगाच जास्त ठेवून घाबरट धंदा करायला मी पण सांगणार नाही. सोनेतारण द्या, छोटी छोटी द्या, तिघांत सगळं नको.

आता भाऊजी. मीटिंगमध्ये त्यांना आडवं जाऊ नका, तिथं ते चेअरमन असतात आणि चार माणसांसमोर वहिनीनं खोडलेलं कुठल्याच दिराला चालत नाही. आदल्या रविवारी त्यांच्या घरी जा, जाऊबाईंकडं चहा घ्या, तो बारा रकान्यांचा कागद आणि साडेसतरा लाखांचे साडेबारा कसे होतात तेवढं एका पानावर न्या. तुम्ही चुकताय असं म्हणू नका, विचारा, "भाऊजी, मे महिन्यात एवढ्या एफडी सुटतायत, तेव्हा मी कुठनं देऊ?" उत्तर त्यांना शोधू दे. ते बाजारात वावरलेले आहेत, कळेल. आणि चालू खात्यातला पैसा हलवणं, एफडी विभागणं, वसुलीची मोहीम हे सगळं सभेत त्यांच्या तोंडून येऊ दे, चेअरमननी करून दाखवलं म्हणून. श्रेय गेलं तर गेलं, तुमचा पगार त्याच्यावर नाही.

डिव्हिडंड यंदा कमी द्यायला लागेल. नफ्यातला २५ टक्के रिझर्व्ह फंडाला घातल्यावर १५ लाखांत उरतं किती ते तुम्हाला माहितीय. सभेत कुणीतरी उठून ओरडेल, दरवर्षी तोच माणूस ओरडतो, त्याला थकबाकीची यादी वाचून दाखवू का एवढंच नम्रपणे विचारा.

एवढं करून पण बोर्डानं मोडायचंच ठरवलं तर? मग तुमचं मत लेखी द्या, दोन ओळी पुरेत, टक्का नियमाच्या खाली जातोय असं लिहून ठराव बुकात नोंद करून घ्या आणि त्याची कॉपी घरी ठेवा. एफडी मोडायच्या अर्जावर बहुतेक ठिकाणी चेअरमन आणि सेक्रेटरी दोघांच्या सह्या लागतात. उद्या चौकशी लागली, सरचार्जपर्यंत (संस्थेचं नुकसान जबाबदार माणसाकडून भरून घेण्यापर्यंत) गेली, तर तिथं नातं विचारत नाहीत, सही कुणाची ते विचारतात. नोकरी त्यांनी लावली हे खरं आहे, पण अकरा वर्षं ती तुम्ही केलीय.

आणि हे सगळं करायच्या आधी सोमवारी सकाळी बँकेत जा, साडेचार कोटींच्या प्रत्येक पावतीवर लिन, म्हणजे बँकेचा बोजा, आहे का, कुणी ओव्हरड्राफ्ट काढलाय का ते मॅनेजरकडून लेखी आणा. तोंडी नको. एका जरी पावतीवर असला तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून मला परत लिहा.